कोल्हापूरच्या पावसाळ्यात सिगारला बुरशी: लाकडी ह्युमिडॉर घ्यावा की हवाबंद डबा?

निकाल आधी देतो, कारण हे वाचणाऱ्या अनेकांच्या हातात या घडीला पांढरे ठिपके आलेला सिगार असेल. कोल्हापुरात पंचवीस-पन्नास सिगार ठेवायचे असतील तर चकचकीत लाकडी पेटी (ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठराविक ओलाव्यात ठेवायची पेटी) घेऊ नका. चारी बाजूंनी कड्या लागणारा, सिलिकॉनच्या गास्केटचा (झाकणाच्या खोबणीत बसणाऱ्या लवचिक पट्टीचा) हवाबंद डबा घ्या. त्यात बोवेडा कंपनीची, आर्द्रता ठरलेल्या आकड्यावर राखणारी ६२ किंवा ६५ टक्क्यांची ६० ग्रॅमची पुडी टाका आणि मिठाने तपासून घेतलेला (कृती खाली दिली आहे) डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, ठेवा. लाकडी पेटी आधीच घरात आली असेल तर तीही चालवता येते, पण तिच्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकाच्या जवळजवळ उलट वागावं लागतं.

ह्युमिडॉरची रूढ पद्धत थंड देशांतल्या घरांवर बेतलेली आहे. तिकडे हिवाळ्यात खोल्या गरम ठेवतात, हवा कोरडी पडते आणि सिगारचं वरचं पान तडकतं. त्यामुळे पेटीला एकच काम, सतत ओलावा देत राहायचं. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत घरातली हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. जुन्या पेठांतल्या दगडी भिंतींची घरं आणि नदीकडच्या भागातले तळमजले तर ओल धरूनच बसतात. त्याच घरात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा ३० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे एकाच कपाटातल्या एकाच पेटीने जुलैत ओलावा ओढून घ्यायचा आणि एप्रिलमध्ये सोडायचा. पेटीसोबत मिळणारा हिरवा स्पंज यातलं फक्त दुसरं काम करतो. पावसाळ्यात तो भरून ठेवला की आधीच ओल्या हवेत आणखी पाणी जातं आणि मग पंधरा दिवसांत टोकावर कापूस दिसायला लागतो.

सत्तर-सत्तरचा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो: ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे २१ अंश सेल्सिअस. एसी सतत चालू नसेल तर कोल्हापुरात २१ अंश मिळतात ते फक्त थंडीत. पावसाळ्यात खोली २५-२६ वर असते, मे महिन्यात ३० च्या पुढे. नेमकी २५ ते ३० ही बुरशीच्या वाढीची आवडती पट्टी आहे. सिगारवर दिसते ती बहुतेक ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या प्रकारांतली बुरशी. तिचे बीजाणू हवेत असतात, पानातही असतात. ते पूर्णपणे घालवणं कुणाला शक्य नाही. पाणी तोडणं मात्र शक्य आहे. ६५ टक्क्यांच्या खाली बुरशी जवळपास हलत नाही, ७० ते ७५ मध्ये हळू वाढते, ७५ ओलांडली की उष्ण खोलीत थोड्याच दिवसांत डोळ्यांना दिसते. ७० वर पेटी धरली आणि हायग्रोमीटर ५ टक्क्यांनी चुकत असला, तर तुम्ही खरं म्हणजे ७५ वर बसलेले असता. म्हणून इथे लक्ष्य ६२ ते ६५ ठेवावं. त्याने सिगार कोरडा पडत नाही. उलट जळतो सरळ, ओढायला घट्ट होत नाही आणि पुन्हा पुन्हा विझत नाही.

अजून एक हिशेब मनात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं जातं. पाच लिटरच्या डब्यातल्या जुलैच्या ओल्या हवेत एकूण पाणी असतं साधारण ०.१ ग्रॅम. झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं म्हणून काही बिघडत नाही, तेवढं पाणी पुडी आरामात सांभाळते. खरा साठा पानात आहे. रोबुस्टो मापाचा, म्हणजे पाच इंच लांब आणि ५० रिंग गेजचा (जवळपास २० मिलिमीटर जाड) सिगार ओल्या कपाटात महिनाभर पडून सादळला असेल, तर तसे पंचवीस सिगार मिळून दहा-वीस ग्रॅम जादा पाणी धरून बसलेले असतात. आणि सादळलेला पापड जसा हाताला लवचिक लागतो तसाच हा सिगारही दाबला तर मऊ लागतो, परत फुगत नाही. पुडीला हे पाणी काढायला आठवडे लागतात. बुरशी तेवढी वाट बघत नाही. म्हणून आल्या आल्या ओले सिगार मुख्य डब्यात मिसळायचे नाहीत. वेगळ्या छोट्या डब्यात ६२ च्या पुडीबरोबर तीन-चार आठवडे ठेवायचे.

आता लाकडी पेटी. बाजारात सर्वाधिक दिसते ती २५ ते ५० सिगारची, वर काच, पुढे पितळी रंगाचा गोल काटा, आत लोहचुंबकाने चिकटवलेला काळ्या डबीतला स्पंज. दिसायला देखणी, दिवाणखान्यात शोभते, हे मान्य. पण तपासायला घेतली की पहिली अडचण झाकणाची येते. रात्री दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवा, झाकण बंद करा आणि चारी बाजूंनी पाहा. प्रकाशाची रेघ दिसली तर पावसाळ्यात तिथूनच ओल आत येणार. काचेच्या झाकणाच्या पेट्यांत काच आणि चौकट यांच्या सांध्यात ही रेघ हमखास सापडते. तिथे ॲसिटिक वासाचा सिलिकॉन भरू नका, व्हिनेगरसारखा वास पानात उतरतो. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा आणि आठवडाभर उघडं ठेवून वास पूर्ण गेल्यावरच पेटी वापरात घ्या.

दुसरी अडचण अस्तराची. आतलं लाकूड स्पॅनिश सीडर असायला हवं. हे झाड देवदाराच्या जातीचं नाही, महोगनीच्या कुळातलं आहे. शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. त्याचा वास सौम्य असतो आणि ते ओलावा घेतं-देतं. स्वस्त पेट्यांत एमडीएफवर या लाकडाचा कागदाएवढा पातळ थर चिकटवलेला असतो. ट्रेची कड किंवा आतल्या फळीचा खालचा भाग बघितला की भुसा दाबल्यासारखा पोत दिसतो. एमडीएफ पावसाळ्यात कडेने फुगतो, एकदा फुगला की झाकण बसत नाही. फळी बदलायला सुताराकडे गेलात आणि त्याने सीडर म्हणून देवदार दाखवला तर घेऊ नका. देवदाराचं तेल उग्र असतं, दोन महिन्यांत सगळ्या सिगारना एकच चव येते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी माहितीपत्रकात उलटी छापलेली. नवी पेटी वापरण्याआधी ओल्या फडक्याने आतून पुसा, वाटीत पाणी ठेवून दोन-तीन दिवस बंद करा, लाकूड मुरू द्या, असं सांगितलेलं असतं. फेब्रुवारी ते मे या काळात पेटी घेतली असेल तर मुरवणं बरोबर आहे, तेही ओल्या फडक्याने नव्हे. बोवेडाच्या ८४ टक्क्यांच्या पुड्या त्यासाठीच असतात: पेटीच्या क्षमतेप्रमाणे दर २५ सिगारमागे एक ६० ग्रॅमची पुडी, १४ दिवस, आत सिगार न ठेवता. पेटी जुलैत आली असेल तर चित्र वेगळं आहे. गोदामात आणि वाटेत ते लाकूड आधीच ओल पिऊन आलेलं असतं. ८५ टक्क्यांच्या हवेत लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण १७-१८ टक्के पाणी धरतं, ६५ टक्क्यांच्या हवेत साधारण १२ टक्के. अस्तर ३०० ग्रॅमचं धरलं तर १५ ते १८ ग्रॅम जादा पाणी लाकडातच आहे. त्याला पुन्हा पाणी पाजलं की ते सगळं सिगारकडे जाणार. जुलैत आलेली पेटी मुरवायची नाही, सुकवायची. एसीच्या खोलीत ड्राय मोड लावून, झाकण उघडं, ट्रे आणि फळ्या बाहेर काढून तीन-चार दिवस. खोलीतला हायग्रोमीटर ५५ च्या आसपास दिसला पाहिजे. एसी नसेल तर पेटी ऑक्टोबरपर्यंत रिकामीच ठेवा आणि सिगार डब्यात.

स्पंजबद्दल थोडक्यात: काढून टाका. नळाचं पाणी भरलं की क्षार त्याच्या छिद्रांत बसतात आणि स्पंजावरच बुरशी धरते. घरच्या आरओचं पाणीही क्षारमुक्त नसतं. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड म्हणून विकलेलं पाणी क्षाराच्या बाबतीत चालतं, फक्त सीलबंद नवी बाटली घ्या. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरलं तर स्पंज ७० च्या आसपास थांबतो आणि बुरशीही कमी धरते, पण कोल्हापूरच्या जुलैसाठी ७० म्हणजे काठावरचा आकडा आहे, आणि बाहेरून येणारी ओल ओढून घेण्याची ताकद त्याच्यात फार थोडी.

पुढच्या गोल काट्यावर विश्वास ठेवू नका. त्यात धातूची एक बारीक गुंडाळी असते, ती १० टक्के इकडे-तिकडे सहज दाखवते. डिजिटल हायग्रोमीटरही तपासल्याशिवाय वापरायचा नाही. स्वस्त यंत्रांवर ५ टक्क्यांचा फरक चालेल असं स्वतः बनवणाऱ्यानेच लिहिलेलं असतं. तपासणी मिठाची आहे आणि ती फुकट आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी टाका. मीठ विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. वर पाणी तरंगलं तर टिपकागदाने टिपा. हे झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या जाड पिशवीत किंवा छोट्या हवाबंद डब्यात ठेवा, मीठ यंत्राला लागू देऊ नका, आणि २४ तास हलवू नका. आतली आर्द्रता ७५ टक्के असते, कुठल्याही ऋतूत, कुठल्याही गावात. यंत्राने ७१ दाखवलं तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ४ मिळवायचे. चिकटपट्टीवर +४ लिहून मागे लावून टाका. पिशवी उघडी असताना वाचू नका, उघडताच आकडा बदलायला लागतो. दरवर्षी मे अखेरीस ही तपासणी पुन्हा करावी, कारण हे सेन्सर वर्षभरात सरकतात.

आता ज्याची शिफारस केली तो डबा. साठवणीसाठी मिळणारा पाच लिटरचा पॉलिप्रोपिलीनचा डबा, झाकणात सिलिकॉनचं गास्केट, चार बाजूंना कड्या. पंचवीस रोबुस्टो त्यात ऐसपैस बसतात आणि वर हवा फिरायला जागा राहते. डबा दोन-तृतीयांशच भरावा. परदेशातून येताना ड्युटी-फ्रीची मर्यादा २५ सिगारचीच आहे, त्यामुळे बहुतेकांना एवढा डबा पुरतो. घेताना झाकण लावून वर किलोभर वजन ठेवा आणि डबा पाण्याच्या टबात दाबून धरा. बुडबुडा आला तर गास्केट बसत नाही. वासही बघा. नव्या प्लास्टिकचा वास असेल तर भांडी घासायच्या साबणाने धुवा, पूर्ण कोरडा करा, आत वाटीभर खायचा सोडा ठेवून आठवडाभर बंद करा. जुना डबा वापरायचा तर मसाल्याचा नको. कांदा-लसूण चटणीचा वास पॉलिप्रोपिलीनमधून कधीच पूर्ण जात नाही आणि पानाला तो पकडायला दोन दिवस पुरतात.

डब्यात लाकूड नसतं, म्हणून आर्द्रता सांभाळणारा मधला साठाही नसतो. सिगारच्या जुन्या पेट्यांतल्या पातळ सीडरच्या पट्ट्या मिळाल्या तर तळाशी दोन घाला; वासासाठीही बऱ्या आणि प्लास्टिकला सिगार चिकटत नाही. त्या पट्ट्या पावसाळ्यात बाहेर पडल्या असतील तर आधी एसीत सुकवून घ्या. गास्केट महिन्यातून एकदा खोबणीतून काढून धुवा आणि कोरडं करून बसवा. डब्यात बुरशी झालीच तर ती पहिल्यांदा त्या खोबणीत सापडते, काळ्या बारीक ठिपक्यांच्या रांगेत.

पुडीचं काम समजून घेतलं की ती नीट वापरता येते. आत मिठाचं संपृक्त द्रावण घट्ट करून भरलेलं असतं आणि बाहेर असा पडदा की पाण्याची वाफ आरपार जाते, द्रव जात नाही. मिठाच्या प्रकारावर ६२, ६५, ६९, ७२ असा आकडा ठरतो. मिठाच्या तपासणीत जे तत्त्व आहे तेच इथे. बाहेर ओल जास्त असली की पुडी पाणी ओढते, कमी असली की सोडते, आणि तुम्हाला काही भरावं-ओतावं लागत नाही. कोल्हापूरसाठी हाच सगळ्यात मोठा गुण आहे, जुलै आणि एप्रिल एकाच पुडीने निघतात. प्रमाण दर २५ सिगारमागे ६० ग्रॅमची एक. पावसाळ्यात दोन टाकल्या तरी हरकत नाही, आकडा वाढत नाही, फक्त पाणी ओढण्याची ताकद वाढते. वेगवेगळ्या आकड्यांच्या पुड्या मात्र एका डब्यात ठेवायच्या नाहीत; एक सोडत राहते, दुसरी ओढत राहते आणि दोन्ही लवकर संपतात. पुडी सिगारला थेट टेकली तरी चालते.

उणिवाही आहेत. कोल्हापुरात दुकानात सहज मिळत नाही, ऑनलाइन मागवावी लागते आणि प्लास्टिकचं वेष्टन शाबूत आहे का हे उघडल्या क्षणी बघावं लागतं. वेष्टन फाटलेली पुडी वाटेतच निम्मी वाळलेली किंवा फुगलेली असते. एका चांगल्या आयात सिगारच्या किमतीत एकापेक्षा जास्त पुड्या येतात, त्यामुळे खर्च अवघड नाही, पण लाकडी पेटीत उन्हाळ्यात ती दोन-तीन महिन्यांतच कडक होते. हवाबंद डब्यात त्याच्या कितीतरी पट टिकते. आत कडक गोळे लागले, दाबली तर खडखडली, की ती संपली. फुगून उशीसारखी झाली तर ती पाणी पिऊन बसली आहे. एसीच्या कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस उघडी ठेवली की पुन्हा कामाला येते. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा इथे फार उपयोगी पडतो. नव्या पुडीचं वजन तिच्यावरच पेनाने लिहा आणि महिन्याला मोजा. पावसाळ्यात वजन वाढत चाललं तर डबा गळतोय किंवा सिगार ओले आहेत. दोन्ही गोष्टी हायग्रोमीटरच्या आधी वजन सांगतं.

सिलिका जेल डब्यात टाकण्याचा सल्ला बरेचजण देतात. तो कुठल्याही आकड्यावर थांबत नाही, ओढतच राहतो. पंचवीस सिगारचं पान आठवड्यात तडकवू शकतो. कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे कपाटासाठी चांगले आहेत, सिगारच्या डब्यात नाही. त्यांच्या तळाशी खारट पाणी साठतं आणि सांडलं तर सगळं गेलं.

आता बुरशी आलेलीच असेल तर. आधी ती बुरशीच आहे का ते बघा. कॅमरून जातीच्या वरच्या पानावर बारीक दाणे मुळातच असतात, ते बोटाला खरखरीत लागतात आणि पुसून जात नाहीत. शेतातच पडलेले फिकट हिरवट-पिवळे डागही पानाचेच. बुरशी वर उठलेली असते. मोबाइलचा टॉर्च सिगारला जवळजवळ समांतर धरला की तिचे केस उभे दिसतात, ठिपक्याठिपक्यांनी, पानाच्या शिवणीशी आणि टोकाशी जास्त. जुन्या सिगारवर तेलाचं स्फटिकरूप पांढरं येतं, त्याला प्लूम म्हणतात आणि ते चांगलं लक्षण आहे, असं सांगितलं जातं. प्लूम म्हणून दाखवले जाणारे बहुतेक नमुने बुरशीचेच असतात. कोल्हापुरात पावसाळ्यात पांढरं दिसलं तर बुरशी समजूनच चाला. वासानेही कळतं. कुबट, बंद खोलीसारखा वास म्हणजे बुरशी. तीक्ष्ण, नाकात जाणारा वास अमोनियाचा, तो पानाच्या मुरण्याचा भाग आहे आणि उघड्या हवेत जातो.

सगळे सिगार गॅलरीत किंवा खिडकीशी न्या, पंखा बंद करा, नाका-तोंडावर मास्क लावा. दमा असेल तर हे काम दुसऱ्याला द्या, झाडताना बीजाणू ढगासारखे उडतात. सेलोफेन काढा आणि फेकून द्या. प्रत्येक सिगारचं पेटवायचं टोक समोरून बघा. त्या उघड्या टोकात, आतल्या पानांच्या घड्यांत पांढरं किंवा कुठलंही केसाळ काही असेल तर तो सिगार गेला, आतपर्यंत बुरशी आहे आणि ती धुरातून छातीत जाते. हिरवी, निळसर किंवा काळी बुरशी कुठेही असली तरी तोच निकाल. सिगार कितीही महाग असो, इथे दया दाखवू नका. फक्त वरच्या पानावर पांढरे ठिपके असतील तर वाचतो: मऊ कोरड्या ब्रशने टोपीकडून (तोंडात धरायच्या बंद टोकाकडून) खाली झाडा, मग मलमलीच्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन हलक्या हाताने पुसा. फडकं ओलं नको, ओलसरही जेमतेम. ज्या सिगारवर काहीच दिसत नाही तेही त्याच पेटीत होते, म्हणून त्यांनाही ब्रश फिरवा. पुसलेले सिगार तासभर सावलीत, मग वेगळ्या डब्यात ६२ च्या पुडीबरोबर तीन-चार आठवडे. दर चार-पाच दिवसांनी टॉर्च लावून बघा. पुन्हा ठिपका आला तर तो सिगार काढून टाका, दुसऱ्यांदा पुसत बसू नका.

प्लास्टिकचा डबा साबणाने धुवून, गास्केट वेगळं काढून, खडखडीत वाळवला की झालं. लाकडाला वेळ लागतो. स्पंज फेकून द्या. ट्रे, फळ्या, सगळं सुटं करा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडकं ओलं करून आतून पुसा. थोडं पाणी असल्यामुळे ते बुरशीवर जास्त वेळ टिकतं आणि जास्त मारतं. गॅस, देवापुढचा दिवा, सिगारेट, काहीही पेटतं जवळ नको. फिनेल, ब्लीच, व्हिनेगर लाकडावर लावू नका, तो वास वर्षभर जात नाही. पुसल्यावर सावलीत पंख्याखाली दोन दिवस. कडक उन्हात ठेवलं तर पातळ अस्तर सुटतं आणि झाकण वाकतं. डाग राहिलाच तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलकं घासा, भुसा पुसून घ्या, परत एकदा अल्कोहोल. नाक आत घालून वास घ्या: अल्कोहोलचा अंशही असेल तर अजून एक दिवस. मग रिकामी पेटी ६५ च्या पुडीसह आठवडाभर बंद ठेवा आणि आकडा स्थिर राहतो का बघा. ७० वर जाऊन बसला तर लाकडात पाणी अजून आहे.

बुरशी साफ करताना टाचणीच्या डोक्याएवढं, काठ गुळगुळीत असलेलं भोक दिसलं तर तो प्रश्न वेगळा आहे. तो तंबाखूचा भुंगा, लॅसिओडर्मा. उष्णता वाढली की त्याची अंडी उबतात, आणि कोल्हापुरात ती वर्षातले बरेच महिने वाढलेलीच असते. हाच किडा हळद, मिरची आणि वर्षाच्या मसाल्यातही होतो, म्हणून सिगारचा डबा साठवणीच्या खोलीत नको. उपाय गोठवण्याचा: सिगार दोन झिपच्या पिशव्यांत घालून हवा काढा, २४ तास फ्रिजमध्ये, ७२ तास फ्रीझरमध्ये, पुन्हा २४ तास फ्रिजमध्ये. नंतर पिशवी खोलीत ठेवा आणि ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, निदान अर्धा दिवस. जुलैत थंड पिशवी लगेच उघडली तर पानावर दव धरतं, आणि भुंगा गेला तरी बुरशी येते.

डबा ठेवायचा कुठे? पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. आतल्या भिंतीचं, मधल्या उंचीचं, उन्हापासून लांबचं. डांबरगोळ्या असलेलं कपाट अजिबात नाही, देवघराच्या अगरबत्तीशेजारीही नाही. एसीच्या खोलीतला डबा थेट उचलून पावसाळी गॅलरीत उघडू नका. अर्धा तास बंदच बाहेर राहू द्या, मग उघडा.

विजेवर चालणारे छोटे थंड कपाट-ह्युमिडॉर शंभराच्या पुढे संग्रह असेल तरच बघावेत. उन्हाळ्यात ते तापमान खाली आणतात, भुंग्याची चिंता मिटवतात. पण थंड मागच्या भिंतीवर पाणी जमतं, त्याच्यासाठी खाली ताटली आहे का आणि ती रोज बघता येते का हे घेण्याआधी तपासा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या काही भागांत वीज काही दिवस नव्हती. बंद पडलेलं असं कपाट आतल्या साठलेल्या पाण्यामुळे साध्या डब्यापेक्षा लवकर बुरसतं. पूर येण्याच्या दिवसांत त्यातले सिगार डब्यांत हलवून ठेवा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून हवा झपाट्याने कोरडी होते. तेव्हा पुडीचं वजन आठवड्याला मोजा, पावसाळ्यात दोन टाकल्या असतील तर दुसरी काढून तिच्या झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा. लाकडी पेटी मुरवायची असेल तर ती वेळ यानंतरची, दिवाळी झाल्यावर.